जाणारं सरकार मागे काय ठेवून जातं? जव्हार-मोखाड्याचा दाखला

माझ्या पहिल्या सिनॉप्सिसमध्ये एक वाक्य होतं: 'सत्तांतराच्या वेळी जाणारी सरकारं कठीण आर्थिक निर्णय मुद्दाम पुढच्या सरकारवर ढकलतात, हे ठाणे जिल्ह्याच्या आदिवासी भागाच्या संदर्भात तपासणे.' गाईडबाईंनी 'मुद्दाम' या शब्दाखाली पेन्सिलीने दोन रेघा ओढल्या आणि विचारलं, "हे तू तपासणार आहेस की आधीच ठरवून टाकलंयस?" मला तेव्हा राग आला होता. सहा महिन्यांनी लक्षात आलं की माझ्या सगळ्या संशोधनाचा प्रश्न त्या दोन रेघांतच होता.

या लेखात तोच प्रवास सांगते. विषय राजकीय वाटेल, पण मला बोलायचंय ते पद्धतीबद्दल. सरकार बदललं की 'आधीच्यांनी तिजोरी रिकामी ठेवली' हे वाक्य आपण सगळेच ऐकतो. इतिहासाच्या विद्यार्थ्याने त्या वाक्याचं काय करायचं?

एक डोंगर, दोन कारभार

जव्हार आणि मोखाडा हे आज पालघर जिल्ह्यातले शेजारचे तालुके. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी अशी वस्ती. नाचणी, वरई, भात, आणि जंगल. पावसाळ्यात धो धो पाऊस, उन्हाळ्यात हंड्यांची रांग. आज या दोन तालुक्यांमधून एसटीने जाताना कुठे एक संपतो आणि दुसरा सुरू होतो, हे पाटी पाहिल्याशिवाय कळत नाही.

१९४८ पूर्वी मात्र यांच्यामधून सत्तेची एक सीमा जात होती. जव्हार हे मुकणे घराण्याचं संस्थान होतं: महादेव कोळी राजांचं, चौदाव्या शतकापासूनची परंपरा सांगणारं, क्षेत्रफळ साधारण ३१० चौरस मैल. १९०१ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या ४७,५३८ होती. मोखाडा हा ब्रिटिश अमलातल्या ठाणे जिल्ह्याचा पेटा होता, म्हणजे तालुक्यापेक्षा लहान घटक. माणसं तीच, सावकारही कदाचित तेच, पण सरकार वेगळं.

संशोधनाच्या भाषेत ही तुलनेची सोन्यासारखी संधी आहे. एकाच प्रकारच्या समाजावर दोन वेगळ्या सत्ता, आणि दोन्ही सत्ता दहा वर्षांच्या आत गेल्या. मोखाड्यावर राज्य करणारं मुंबई प्रांताचं लोकनियुक्त मंत्रिमंडळ १९३९ मध्ये पायउतार झालं. जव्हारचं संस्थान १९४८ मध्ये विलीन झालं. दोघांनी मागे काय ठेवलं?

कठीण निर्णय म्हणजे नेमका कोणता?

इथे पहिला धडा. 'कठीण आर्थिक निर्णय' असं नुसतं म्हणून भागत नाही, तो नेमका कोणता हे नाव घेऊन सांगावं लागतं. माझ्या बाबतीत तो शब्द आहे खावटी.

खावटी म्हणजे पावसाळ्यातलं खाण्यापुरतं उसनं धान्य. आषाढापासून नवीन पीक हाताशी येईपर्यंत घरात दाणा नसतो. त्या महिन्यांत जमीनदाराकडून किंवा सावकाराकडून धान्य उचलायचं आणि पीक आल्यावर दीडपटीने, कधी दुपटीने परत करायचं. परत करता आलं नाही की अंगमेहनतीने फेडायचं. लग्नासाठी पैसे घेतले तर नवरा-बायको दोघंही राबणार. अशा माणसाला लग्नगडी म्हणत. वेठ त्याशिवाय वेगळी.

म्हणजे कठीण निर्णय हा: पावसाळ्याचे ते तीन-चार महिने या घरांना कोण खाऊ घालणार आणि कोणत्या अटीवर? सावकार नको म्हटलं तर त्याच्या जागी सरकारला उभं राहावं लागतं, आणि त्याला पैसा लागतो. वेठ बंद म्हटलं तर जंगलातलं लाकूड आणि माळावरचं गवत महाग होतं, आणि त्यावर ज्यांचा धंदा चालतो ते नाराज होतात. निर्णय कठीण का, हे आता कळतं. खर्च आज आणि दिसणारा, फायदा उद्या आणि मतदारयादीत फारसं वजन नसलेल्या माणसांना.

१९३९: अहवाल आला, सरकार गेलं

१९३७ मध्ये बाळासाहेब खेर यांचं काँग्रेस मंत्रिमंडळ मुंबई प्रांतात आलं. १९३५ च्या कायद्याखाली काही आदिवासी भाग 'अंशतः वर्जित क्षेत्र' ठरवले होते. ठाणे जिल्ह्यात त्यात डहाणू आणि शहापूर हे तालुके आणि मोखाडा व उंबरगाव हे पेटे होते. या भागांत कारभार मंत्र्यांकडे असला तरी विधिमंडळाचा कायदा आपोआप लागू होत नसे. गव्हर्नरने तशी अधिसूचना काढावी लागे.

या क्षेत्रांची पाहणी करायला खेर सरकारने डी. सिमिंग्टन या आयसीएस अधिकाऱ्याला नेमलं. त्यांचा अहवाल १९३९ मध्ये छापला गेला. खावटी, लग्नगडी, वेठ, जमिनी हातातून जाण्याची रीत हे सगळं त्यात सरकारी कागदावर आलं. म्हणजे 'आम्हाला माहीत नव्हतं' असं म्हणायची सोय संपली.

त्याच वर्षी मुंबई कूळ कायदा झाला, आणि शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचाही कायदा झाला. आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये, भारताला न विचारता युद्धात ओढल्याच्या निषेधार्थ, मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. कलम ९३ खाली गव्हर्नरची राजवट आली आणि ती १९४६ पर्यंत टिकली.

आता पाहा. कूळ कायदा झाला १९३९ मध्ये; १९४१ मध्ये तो ठाण्यासह काही निवडक जिल्ह्यांत अमलात आला आणि सगळ्या प्रांताला लागला १९४६ मध्ये. 'संरक्षित कूळ' ठरायला १ जानेवारी १९३८ च्या आधीची सलग सहा वर्षांची वहिवाट लागत होती. ज्याच्याकडे एक चिठ्ठीही नाही, ज्याला जमीनदार दरवर्षी वेगळ्या तुकड्यावर कसायला पाठवू शकतो, त्याने ही वहिवाट कशी सिद्ध करायची? कायदा करणारे आणि कायदा राबवणारे वेगळे झाले की अशी फट पडते. त्या फटीचा फायदा कुणाला होतो, हे सांगायला नको.

हे 'मुद्दाम' होतं का? राजीनाम्याचं कारण युद्ध होतं, ठाण्याचा वारली नव्हता. खेरांच्या हेतूबद्दल शंका घ्यायला मला तरी जागा दिसत नाही. सत्तेबाहेर असताना १९४० मध्ये त्यांनीच आदिवासी सेवा मंडळ स्थापन केलं. पण हेतू शुद्ध असला तरी परिणाम राहतोच. कठीण काम कागदावर होतं आणि ते करणारा माणूस खुर्चीवर नव्हता.

माझ्या 'मुद्दाम'ला पहिला तडा इथे गेला.

वाट पाहणाऱ्यांनी वाट पाहिली नाही

सरकारी फाईल थांबते, माणसं थांबत नाहीत. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला किसान सभेचं अधिवेशन झालं. मे महिन्यात उंबरगाव भागातल्या झरी इथे वारल्यांची परिषद भरली आणि वेठ व लग्नगडी पद्धत मोडण्याचा निर्णय वारल्यांनी स्वतः घेतला. त्यानंतर गवत कापण्याच्या मजुरीचा संप झाला. मागणी होती ५०० पौंड गवताला अडीच रुपये. ऑक्टोबर १९४५ मध्ये तलवाड्याला गोळीबार झाला आणि पाच जण मेले. त्यांत जेठ्या गांगड होते. गोदावरी परुळेकर यांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात हा सगळा काळ आला आहे.

इथे तारखा शेजारी मांडून बघा. १९३९ मध्ये सरकारी अहवालाने जे सांगितलं, तेच १९४५ मध्ये लोकांनी आपल्या हाताने सोडवायला घेतलं. मधली सहा वर्षं कुणाची? आणि १९४६ मध्ये खेर पुन्हा मुख्यमंत्री झाले तेव्हा त्यांच्यासमोर आलेला प्रश्न आता अर्थव्यवस्थेचा राहिला नव्हता, कायदा-सुव्यवस्थेचा झाला होता. परुळेकर दांपत्याला याच सरकारच्या काळात जिल्ह्यातून हद्दपार करण्यात आलं.

हे मला फार महत्त्वाचं वाटतं. पुढे ढकललेला आर्थिक निर्णय तसाच्या तसा पुढच्याच्या हातात पडत नाही. मधल्या काळात तो रूप बदलतो. मजुरीचा प्रश्न पोलिसांचा होतो, धान्याचा प्रश्न दवाखान्याचा होतो. म्हणून तुम्ही एकाच खात्याच्या फाइलींमध्ये त्याचा माग काढू पाहाल तर तो मध्येच नाहीसा झाल्यासारखा वाटेल. महसूल खात्यात दिसेनासा झाला तर गृह खात्यात शोधा.

१९४८: जव्हारचा हिशेब

आता सीमेपलीकडे. जव्हारचे शेवटचे राजे यशवंतराव मुकणे. १९२७ मध्ये गादीवर आले तेव्हा लहान होते. पूर्ण अधिकार मिळाले १९३८ मध्ये. दुसऱ्या महायुद्धात ते हवाई दलात होते. पुढे १९६२ मध्ये ते काँग्रेसतर्फे भिवंडीतून लोकसभेवर निवडून गेले. मार्च १९४८ मध्ये संस्थान विलीन झालं आणि मुंबई प्रांताच्या ठाणे जिल्ह्याचा भाग झालं.

विलीनीकरणाच्या करारांचा साचा सगळीकडे साधारण एकच होता. राजा सर्व अधिकार सोडणार. त्याला करमुक्त तनखा मिळणार. खाजगी मालमत्तेची यादी त्याने ठरलेल्या तारखेच्या आत सादर करायची. कायम नोकरांच्या नोकऱ्या किंवा त्याबदल्यात भरपाई. आणि संस्थानाच्या नोकराने कर्तव्य म्हणून आधी केलेल्या कृत्यांबद्दल सरकारच्या संमतीशिवाय खटला नाही.

हा कागद अर्थशास्त्राच्या नजरेने वाचा. तनखा बहुतेक संस्थानांत उत्पन्नाच्या टक्केवारीत ठरला: पहिल्या लाखावर १५ टक्के, पुढच्या चार लाखांवर १० टक्के, त्यावर साडेसात टक्के, आणि कमाल दहा लाख. म्हणजे जितकं उत्पन्न तितका तनखा. आता जव्हारचं उत्पन्न कशातून येत होतं? शेतसारा होताच, पण मोठा आधार जंगल आणि अबकारी यांचा. संस्थानाची तिजोरी लाकडावर आणि दारूवर चालत होती, असं थोडक्यात म्हणता येईल.

आणि नवं सरकार कोणतं? दारूबंदीला बांधलेलं. १९४९ मध्ये मुंबई दारूबंदी कायदा झाला आणि एप्रिल १९५० पासून राज्यभर पूर्ण दारूबंदी आली. ज्या उत्पन्नावर संस्थानाचा कारभार चालत होता, त्यातला एक मोठा झरा नव्या मालकाने स्वतःच बंद केला. जंगलाबाबतही तेच. १९४७ पासून मुंबई प्रांतात जंगल कामगारांच्या सहकारी संस्था उभ्या राहू लागल्या, म्हणजे ठेकेदाराला बाजूला करण्याचा प्रयत्न सुरू झाला. धोरण म्हणून ते योग्यच होतं. पण रस्ते, शाळा, दवाखाने यांचा खर्च वाढत असताना जव्हारपुरतं बघितलं तर जुनं उत्पन्न आटत होतं. आता तो खर्च मुंबईच्या अर्थसंकल्पातून येणार, आणि त्या अर्थसंकल्पात जव्हार म्हणजे शेकडो ओळींतली एक ओळ.

संस्थान असताना जव्हार हे राजधानीचं गाव होतं. विलीनीकरणानंतर ते एका मोठ्या जिल्ह्याच्या टोकाचं तालुक्याचं गाव झालं. लोकशाही आली ही मोठीच कमाई. पण निर्णय घेणारी खुर्ची डोंगराखाली गेली हेही खरं, आणि दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात लिहिता आल्या पाहिजेत.

उलट्या बाजूची गाठही बघा. तनखा हे नव्या राज्यकर्त्यांनी दिलेलं वचन होतं, आणि ते घटनेच्या कलम २९१ मध्ये घातलं गेलं. वल्लभभाई पटेलांनी संविधान सभेत त्याची ठाम बाजू मांडली. पण हा खर्च किती पिढ्या चालणार, हा कठीण प्रश्न त्या पिढीने पुढे ठेवला. तो १९७० मध्ये राज्यसभेत अडला, त्या वर्षाअखेर सर्वोच्च न्यायालयात अडला आणि शेवटी डिसेंबर १९७१ मध्ये २६ व्या घटनादुरुस्तीने निकाली निघाला. म्हणजे ओझं टाकणारा नेहमी 'जाणारा'च असतो असं नाही. येणारा सुद्धा आल्या दिवशी आपल्या वारसासाठी ओझं बांधून ठेवतो.

तीन प्रकार वेगळे करा

एवढं वाचून झाल्यावर मी 'मुद्दाम' खोडलं आणि त्या जागी एक वर्गीकरण केलं. तुम्हाला उपयोगी पडेल म्हणून देते.

पहिला प्रकार: निर्णय न घेता जाणं. अहवाल आला, छापला, आणि सरकार गेलं. सिमिंग्टन अहवाल हे उदाहरण.

दुसरा प्रकार: निर्णय घेऊन त्याची किंमत मागे ठेवणं. २००४ मध्ये विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर सुशीलकुमार शिंदे यांच्या सरकारने शेतकऱ्यांना मोफत वीज जाहीर केली. निवडणूक झाली, आघाडी तीच परत आली, मुख्यमंत्री विलासराव देशमुख झाले, आणि २००५ मध्ये ती सवलत मागे घ्यावी लागली. इथे पुढचा आणि मागचा दोघं एकाच घरातले! 'विरोधकांवर ढकलायला' हा सिद्धांत इथे लागूच पडत नाही. निवडणुकीची तारीखच मधली भिंत असते.

तिसरा प्रकार: पुढच्याचे हात बांधणारं वचन. तनख्याचं सांगितलंच. दुसरं उदाहरण कृष्णा खोऱ्याचं. १९९६ मध्ये युती सरकारने महाराष्ट्र कृष्णा खोरे विकास महामंडळ काढलं आणि राज्याच्या हमीवर रोख्यांतून पैसा उभा केला. १९९९ मध्ये ते सरकार गेलं. परतफेड पुढच्यांच्या वाट्याला आली. पण घाई का होती तेही लिहा. बच्छावत लवादानुसार महाराष्ट्राला आपल्या वाट्याचं पाणी अडवायला २००० सालापर्यंतची मुदत होती. म्हणजे एका जुन्या निवाड्याने या सरकारला घाईला लावलं आणि या सरकारने पुढच्याला कर्जाला लावलं. साखळी आहे ही. तुम्ही एकच कडी उचलून दोषी ठरवाल तर परीक्षक बाकीच्या कड्या विचारतीलच.

२०१४: जिल्हा झाला, पण

आता जव्हार-मोखाड्याकडे परत येऊ. ठाणे जिल्ह्याचं विभाजन ही फार जुनी मागणी. डोंगरातल्या माणसाला ठाण्याला एका कामासाठी जायचं म्हणजे दिवस मोडणार, मजुरी बुडणार. १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यात वावर-वांगणीची बालमृत्यूंची घटना घडली आणि हा भाग देशभर माहीत झाला. तरी विभाजन काही होईना, कारण नवा जिल्हा म्हणजे इमारती, पदं, पगार, आणि मुख्यालय कुठे हा भांडण लावणारा प्रश्न.

निर्णय झाला जून २०१४ मध्ये, पृथ्वीराज चव्हाण सरकारच्या शेवटच्या महिन्यांत. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा अस्तित्वात आला: आठ तालुके, मुख्यालय पालघर. जव्हारला मुख्यालय व्हावं अशी मागणी होती, ती मान्य झाली नाही. सप्टेंबरअखेर राष्ट्रपती राजवट लागली, १५ ऑक्टोबरला मतदान झालं आणि महिनाअखेर देवेंद्र फडणवीस मुख्यमंत्री झाले. जिल्हा मुख्यालयाचं संकुल सिडकोकडून, त्याबदल्यात तिला जमीन देऊन, उभं राहिलं. त्याचं उद्घाटन ऑगस्ट २०२१ मध्ये उद्धव ठाकरे मुख्यमंत्री असताना झालं. घोषणा एकाची, बांधकाम दुसऱ्याच्या काळात, फीत कापली तिसऱ्याने. सात वर्षं.

याला काय म्हणायचं? निवडणुकीपूर्वीची घाई म्हणायची की अनेक वर्षं कुणी न घेतलेला निर्णय शेवटी घेतला म्हणायचं? प्रामाणिक उत्तर: दोन्ही. माझं निरीक्षण एवढंच की निर्णयाचा सोपा भाग, म्हणजे नकाशावरची रेघ आणि तारीख, जाणाऱ्या सरकारने घेतला. खर्चाचा भाग पुढच्यांकडे गेला. आणि मोखाड्याच्या माणसाचा प्रश्न, म्हणजे कचेरी घरापासून किती लांब, तो बराचसा तसाच राहिला. त्याला पालघर गाठायला आधी जव्हारला यायचं आणि मग पुढे डोंगर उतरायचा.

आणि खावटी? १९७८ पासून राज्याची खावटी कर्ज योजना होती, म्हणजे सावकाराच्या जागी सरकार. वसुली होईना, थकबाकी साचत गेली, पुढे योजना काही वर्षं बंद राहिली. २०२० मध्ये कोविडच्या काळात ती अनुदान म्हणून परत आली: कुटुंबाला ४,००० रुपये, निम्मे रोख आणि निम्मे वस्तूरूपात. १९३९ च्या अहवालातला शब्द ८१ वर्षांनी शासन निर्णयात तोच आहे. मधल्या काळात कितीतरी सरकारं आली-गेली. पावसाळ्यातल्या चार महिन्यांची सोय आजही 'यंदापुरती' होते.

साधनं कुणाची आहेत ते विचारा

आता पद्धतीतला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. 'आधीच्याने काय मागे ठेवलं' हे आपल्याला बहुतेक वेळा नंतरच्याच्या कागदातून कळतं.

संस्थानांच्या विलीनीकरणाची हकिगत आपण व्ही. पी. मेनन यांच्या पुस्तकातून वाचतो. मेनन हे विलीनीकरण घडवून आणणाऱ्या खात्याचे सचिव होते, म्हणजे घेणाऱ्या बाजूचे. बडोद्याच्या प्रतापसिंह गायकवाडांनी विलीनीकरणापूर्वी तिजोरीतून उचललेल्या रकमांची गोष्ट आपल्याला याच बाजूने कळते. ती खोटी आहे असं मी म्हणत नाही; पण राजांच्या दप्तरातून ती कशी दिसते हेही पाहायला हवं. २०१५ मध्ये सुधीर मुनगंटीवार यांनी राज्याच्या आर्थिक स्थितीवर श्वेतपत्रिका मांडली. तीही नव्याने जुन्याबद्दल लिहिलेली. श्वेतपत्रिकेतले आकडे बरोबर असू शकतात, पण कुठल्या वर्षापासून मोजायला सुरुवात करायची हे लिहिणारा ठरवतो.

त्यामुळे मी स्वतःला तीन प्रश्न लावून घेतले आहेत, आणि प्रत्येक प्रसंगाला तेच विचारते. जाणाऱ्याला प्रश्न माहीत होता का, आणि त्याचा कागद आहे का? निर्णय घेण्याची ताकद आणि वेळ त्याच्या हातात होती का? उशीर झाला त्या काळात किंमत कुणी मोजली?

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या पुराभिलेखागारात बसून मिळू शकतात. विधिमंडळाच्या चर्चा, अर्थसंकल्प, गॅझेटियर, अधिसूचना. तारखांचा तक्ता करा. डाव्या बाजूला सरकार कधी आलं-गेलं, उजव्या बाजूला कायदा कधी झाला आणि कधी लागू झाला. या दोन रकान्यांतलं अंतर हीच तुमची सामग्री. मला तरी एवढ्या एका तक्त्याने जितकं शिकवलं तितकं सिद्धांताच्या पुस्तकांनी शिकवलं नाही.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र फाईलमध्ये क्वचित सापडतं. ज्यांनी किंमत मोजली त्यांनी अर्ज लिहिले नाहीत. ते गोष्टींत आहे, गाण्यांत आहे, कुठली जमीन कुणाकडून कुणाकडे गेली या आठवणीत आहे. तिथे जाताना 'सरकारने तुमच्यावर अन्याय केला का?' असं विचारू नका. 'पावसाळ्यात धान्य कुठून आणायचात?' असं विचारा. पहिल्या प्रश्नाला लोक भाषण देतात, दुसऱ्याला माहिती. मी पहिल्या खेपेला पहिलाच प्रश्न विचारत हिंडले आणि वही भरून भाषणं घेऊन आले. ती सगळी खेप वाया गेली असं म्हणणार नाही, पण प्रबंधात त्यातलं एक पानही वापरता आलं नाही.

शेवटी सिनॉप्सिस

माझ्या सिनॉप्सिसचं ते वाक्य आता असं आहे: 'जव्हार आणि मोखाडा येथे १९३९, १९४८ आणि २०१४ या तीन सत्तांतरांच्या वेळी पावसाळी अन्नसुरक्षेची आणि मजुरीची जबाबदारी एका शासनाकडून दुसऱ्याकडे कशी गेली, व या काळात ती कोणी पेलली, याचा अभ्यास.' वाक्य लांबलं आहे, आवाज कमी झाला आहे. गाईडबाईंनी यावेळी 'कोणी पेलली' या शब्दांखाली रेघ ओढली. एकच. ही शाबासकीची आहे की नव्या प्रश्नाची, हे मी अजून विचारलेलं नाही.

तुम्ही संशोधनाच्या तयारीत असाल तर आपल्या सिनॉप्सिसमध्ये असा एक शब्द शोधा: मुद्दाम, नेहमीच, केवळ, साहजिकच. त्याच्याखाली स्वतःच दोन रेघा ओढा. काम तिथून सुरू करा.